तार विझल्यावर

६ सप्टेंबर २००४, सोमवार. अमरावती
अचलपूरहून सकाळच्या एस.टी.नं आले. प्रयोगशाळा कॉलेजच्या मागच्या अंगाला आहे, खिडकीबाहेर कडुनिंब, आत पंपाची एकसुरी घरघर. खुशालराव सरांनी स्वतः चहा आणून दिला. सहायक म्हणून ही माझी पहिलीच नोकरी! माझ्याआधीचा किशोर जूनमध्ये काम सोडून अकोल्याला गेला. का, ते कोणी सांगितलं नाही.
मशीन म्हणजे पिंपाएवढा पोलादी डबा. पंप आतली सगळी हवा ओढून घेतो. आत केसाएवढी तार तापवली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोरच्या गोठवलेल्या ताटलीवर फवारणीच्या औषधाचा पातळ थर असतो.

९ सप्टेंबर
सरांनी समजावलं. वेगवान इलेक्ट्रॉन रेणूला धडक देतो, हे कोणालाही पटतं. आपला इलेक्ट्रॉन मंद आहे. तो रेणूवर येऊन बसतो. क्षणभरच. मग रेणू आतून ताणला जातो आणि एका जागी सुटतो. आज औषधातला क्लोरीन सुटला. सुटलेल्या तुकड्याच्या वजनाच्या आकड्यावर पडद्यावर शिखर उठतं; पस्तीस आणि सदतीसवर दोन शिखरं, तिनास एक अशी, अगदी पुस्तकातल्यासारखी. मी टाळ्याच पिटल्या.
सर हसले नाहीत. त्यांची बहीण रुख्मिणी दोन वर्षांपूर्वी बार्शीटाकळीला कपाशी फवारताना गेली. हे विष विहिरीच्या पाण्यातच मोडता आलं पाहिजे, एवढा एकच ध्यास त्यांना आहे.

१७ सप्टेंबर
दुपारी तार बंद केली, तरी पस्तीसचं शिखर हललं नाही. दोन तास तसंच. वायरी तपासल्या, दोष नाही. शिपाई डोमाजींना विचारलं तर फडकं झटकत म्हणाले, “बाई, हे बंद केल्यावरबी खाते. किशोरभाऊले मी सांगतलं होतं.”
सरांना सांगितलं. त्यांच्या मते हे यश आहे. वीज न लागता विष मोडणार असेल तर आणखी काय हवं, असं म्हणाले.

२४ सप्टेंबर
आज ताटली काढून ठेवली. आत काहीच नाही. आकडे शून्यावर आले, मला हायसं वाटलं. मग डोमाजी डब्याची काच पुसायला वाकले आणि सव्वीसवर शिखर उभं राहिलं. सव्वीस म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनची जोडी. ती औषधात नव्हती. ती माणसाच्या अंगात असते.
डोमाजी बाजूला झाले, शिखर उतरलं. पुन्हा वाकले, पुन्हा चढलं. मी त्यांना तिसऱ्यांदा वाकू दिलं नाही.

३० सप्टेंबर
डोमाजींच्या तळव्याची कातडी फडक्याबरोबर निघून आली. रक्त नाही, वेदना नाही. त्यालाच ते जास्त घाबरले होते, “दुखून नाई राहिलं, बाई, कावून दुखून नाई राहिलं?” असं विचारत राहिले. सरांनी पट्टी बांधली. मग वही काढून वेळ लिहून घेतली. मला सरांची भीती वाटली.

४ ऑक्टोबर. अकोला
किशोरला भेटले. तो ओसरीत उघडाच बसला होता, भोवती कापडाचा भुगा. त्याच्या आईनं, कौशल्याबाईंनी, मला उंबऱ्यावरच थांबवलं. त्याच्या अंगावर सुती कपडा दोन दिवस टिकत नाही म्हणाल्या. त्या लांबून ताट सरकवतात. त्यांच्या उजव्या हाताला नखं नव्हती. जूनमध्ये तो घरी आला तेव्हा त्यांनी त्याला तापात चार दिवस मांडीवर घेतलं होतं.
किशोर एवढंच म्हणाला, “तो बसला की उठत नाई. अंगावून अंगावर जाते. घरी जाऊ नको.”

६ ऑक्टोबर
मशीन बंद करा, असं सरांना सांगायला गेले. ते खुर्चीत होते. त्यांनी अडवलं नाही. त्यांना उठताच आलं नाही — पाय चपलेतून — नाही, ते लिहवत नाही. मीच पंप थांबवला, झडप उघडली. हवा किंचाळत आत गेली. वायरी उपटल्या. पडदा काळा झाला. डोमाजींना दवाखान्यात धाडलं, सरांनाही. डॉक्टर विचारतात, कशानं झालं. काय सांगू?

७ ऑक्टोबर
कंगव्यात केस. सगळे.
ओढणीचे धागे मोकळे. खांद्यावर होती तेवढ्याच जागी.
दुखत नाही.

८ ऑक्टोबर, सकाळ
धाकट्या बहिणीसाठी, मिस्बाहसाठी, अचलपूरला घराशेजारी फोन केला. ती भेटायला येणार म्हणत होती, येऊ नकोस म्हणून सांगायचं होतं. अम्मीनं घेतला. परवा फोनवर माझा आवाज बरा वाटला नाही म्हणून तिला पाठवायचं कालच ठरलं. आत्ताच्या गाडीनं निघालीसुद्धा —
कडी लावली. खोली सोडून जाऊ कुठे? रस्त्यावर माणसं आहेत.

दुपार
आली. दार वाजवतेय. बाजी, बाजी, करते आहे. परत जा म्हटलं. रडते. जात नाही —
मी पाठीनं दार धरलंय. वही गुडघ्यावर. पाठीला लाकूड मऊ लागतंय — भुगा पडतोय —
फट पडली. तिची बोटं — मिस्बाह, आत हात घालू न