कपाटातली पोळी

२४ जानेवारी १९३३, मंगळवार

"आधी खा, नाव मग सांग."

मोठ्या दुष्काळात आक्का मला हे म्हणाली होती. मी दहा-अकरा वर्षांची. खडी फोडायच्या कामावर आई वारली, तिसऱ्या दिवशी भाऊ. मिशनच्या आवारात लांब रांग. कारकून प्रत्येकाचे नाव, गाव, जात लिहून घेत होता आणि मला माझे नावच आठवेना. रांगेच्या कडेला एक बाई भाकरी मोडत उभी होती. तिने कारकुनाकडे पाहिलेसुद्धा नाही. "हात पुढं कर, पोरी. आधी खा, नाव मग सांग."

तीच बाई आज माझ्या पुढच्या खोलीत खाटेवर पडून आहे. पाय सुजलेत. दोन वाक्ये बोलली की धाप लागते. डॉक्टरीणबाई बाहेर ओसरीवर येऊन म्हणाल्या, हृदय थकले आहे. एवढेच.

शाळेत शुद्धलेखन तपासताना एका वहीवर डोळ्यांतले पाणी पडले. शाई पसरली. त्या मुलीला पूर्ण गुण दिले.

२८ जानेवारी, शनिवार

आक्का आज बरी. म्हणजे भांडली. पेजेत मीठ कमी म्हणून.

पाळकसाहेब येऊन गेले. भास्कररावांना अख्खी मंडळी 'साहेब' म्हणते, आक्का सोडून. चाळीस वर्षे ती पेठापेठांतून बायकांना शास्त्र सांगत हिंडली. मंडळीतली निम्मी घरे तिच्या तोंडून ऐकून आलेली. भास्कररावांनी मुळाक्षरे तिच्याकडेच गिरवली. पाटी थुंकीने पुसायचे म्हणून मारही खाल्ला.

म्हणाले, "आक्का, पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. उपासना झाली की तुमच्यासाठी इथे घेऊन येतो."

"ये. पर घाईनं प्रार्थना करून पळू नगंस. तुजी लई घाई असती, भास्कऱ्या."

ते हसले. टोपी हातात धरून लहान मुलासारखे उभे होते.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

मनुका भिजत घातल्या. प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण असली, तरी आमच्या मंडळीत प्रभुभोजनाला दारू चालत नाही. काळ्या मनुका भिजवून, कुसकरून, उकळून मलमलीतून गाळायच्या. पोळी जाड, बिनमिठाची. हे काम आधी आक्काचे, गेली एकोणीस वर्षे माझे. मी करते. पाळक मोडतात. पंच थाळी आणि पेला फिरवतात, आधी पुरुषांच्या बाजूला, मग आमच्या. कधी काही वाटले नाही. उलट पोळी नीट मोडली गेली की मनात बरे वाटायचे.

पाळकसाहेब अक्कलकोटकडच्या खेड्यांत दौऱ्यावर आहेत. रविवारी सकाळी होटगीवरून येणाऱ्या गाडीने परत.

४ फेब्रुवारी, शनिवार

लिहिते आहे कारण हात रिकामे ठेववत नाहीत.

दुपारी पोळी भाजून झाली, रसाची बाटली भरली. दोन्ही पांढऱ्या फडक्याखाली कपाटात ठेवली. कपाट आक्काच्या खाटेच्या पायथ्याशी. चारच्या सुमारास तिची धाप वाढली.

"भास्कऱ्या आला का?"

"उद्या सकाळी, आक्का."

"उद्या लई लांब हाय." मग कपाटाकडे बघून, "तितं हाय नव्हं? तूच दे की."

मी म्हटले, मला तो अधिकार नाही.

"रस कुणी काढला?"

"मी."

"पोळी कुणी भाजली?"

"मीच."

"मंग आता काय ऱ्हायलं?"

"आशीर्वाद मागून मोडायची असते. ते पाळकांनीच..."

"भास्कऱ्यानं? त्याला ग म भ न म्या शिकवलं." हसली. हसताना खोकला आला, तो थांबेना. थांबल्यावर तिने चादरीतून उजवा हात काढला आणि तळवा वर करून पुढे धरला.  

मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. मी तो धरावा म्हणून तिने पुढे केला नव्हता.

थोड्या वेळाने तिने तो सोडवून घेतला. म्हणाली, "बरं. नगं तर नगं. तू भिऊ नगंस."

चमच्याने पाणी पाजले.

५ फेब्रुवारी, रविवार

आक्का गेली. उजाडता उजाडता.

आठ वाजता पंचांचा निरोप. गाडी वेळेवर आहे, उपासना ठरल्याप्रमाणे होईल, माती दुपारी चारला. तेवढे पोळी आणि रस पाठवावा. न्यायला थोरल्या पंचांची बायको आली. बाजूला सरकायला जागा नव्हती. आक्काच्या पायांवरून वाकून मी कपाट उघडले, पोळीची थाळी आणि रसाची बाटली काढून दिली. तिने पदराखाली झाकून नेली.

सगळ्या मंडळीने ती पोळी खाल्ली. मी घरी होते. तिच्याजवळ.

७ फेब्रुवारी, मंगळवार

मातीच्या वेळी पाळकसाहेब बोलायला उभे राहिले आणि अडखळले. "मला पाटी हिनेच..." पुढे बोलवेना. रडले. आम्ही बायका मागे उभ्या. पंचांपैकी दोघांनी खांदा दिला होता. दोघेही तिच्या हातच्या भाकरीवर वाढलेले.

परत येताना मी पाळकसाहेबांना शनिवारचे सांगितले. सगळे. ते थांबले, मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही योग्य तेच केलंत, शांताबाई."

वाटले होते, रागावतील. रागावले असते तर बरे झाले असते.

१२ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला गेले नाही. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, आजारपण सोडून.

इस्पितळातली नर्स फिलोमिनाबाई दुपारी बसायला आली. ती रोमन मंडळीतली. तिला विचारले, तुमच्यात कसे?

"आमच्यात मूल जन्मता जन्मता मरायला टेकलं, तर आम्हीच डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देतो. मी सात जणांना दिलाय. फादर म्हणतात, चालतो. पक्का असतो."

"आणि मरणाऱ्या म्हातारीला भाकर?"

"छे बाई! वेदीपुढच्या कठड्याच्या आत मी फक्त झाडायला जाते. तेही चपला काढून."

आक्काही झाडायची. आमच्या देवळात पाळक उभे राहतात ती वरची पायरी आक्का गुडघ्यांवर बसून पुसायची. त्या पायरीवर तिला उभे राहिलेले मी कधी पाहिले नाही.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

शाळा सुटल्यावर शुक्रवार पेठेच्या कोपऱ्यावर ढोल वाजत होता. तो लाल जाकिटवाला ख्रिस्ती पंथ. मध्ये उभी राहून उपदेश करणारी बाई माझ्याच वयाची, नगरकडची, आवाज भाजीवाल्या बायकांसारखा खणखणीत. लोक टवाळी करत होते. एकजण म्हणाला, "बाई, घरी तव्यावर भाकर जळतीया."

"जळू द्या. नवरा बघतोय तिच्याकडं," ती म्हणाली. आणि पुढे चालू.

गर्दी पांगल्यावर जवळ गेले. तिच्या पंथात बाई उपदेश करते, पुरुषांच्या बरोबरीने हुद्दा मिळतो, लग्न लावते, मातीच्या वेळी बोलते. मी आणखी जवळ सरकले. विचारले, "मग प्रभुभोजन? तेही तुम्ही देता?"

"ते आमच्यात नाहीच, बहिणी. भाकर नाही, पेला नाही. बाहेरची खूण कशाला हवी म्हणतात."

मी तिथेच हसायला लागले. तीही आधी हसली. मग मला धरून रस्त्याच्या कडेला दुकानाच्या फळीवर बसवले.

तिच्याकडे देणारी आहे, पण द्यायला काही नाही. आमच्याकडे कपाटात...

१८ फेब्रुवारी, शनिवार

मिससाहेबांकडे गेले होते. शाळा त्यांची, मलाही त्यांनीच शिकवले. त्या सहज बोलून गेल्या की त्यांच्या देशात आमच्याच मताच्या मंडळ्यांत एकदोन बायका पाळक झाल्या आहेत. सगळे करतात.

"मग इथे का नाही?"

"इथल्या लोकांची अजून तयारी नाही, शांताबाई."

"मी इथलीच ना?"

चष्मा पुसत बसल्या. चांगल्या आहेत. तीस वर्षे इथे राहिल्या. पण त्यांनीही कधी थाळी धरलेली पाहिली नाही, हे मला आज घरी आल्यावर सुचले. त्यांना विचारायला हवे होते.

आक्काची लुगडी वाटून टाकली. एक ठेवले.

२६ फेब्रुवारी, रविवार

भवानी पेठेत नरसम्माकडे. आक्का दर आठवड्याला तिच्याकडे जायची, आता मी. नवरा विणकर. घरात मागाची खटखट, ती शेजारच्या खोलीत पडून. छातीचे दुखणे. गेल्या वर्षी तिने मिशनच्या विहिरीवर जाऊन बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने मारले नाही, टाकले नाही, एकच अट घातली: बायका याव्यात, पाद्रीबाबा घरात नको. आमच्या बायकांच्या खोलीत परका पुरुष शिरला तर वाड्यात तोंड दाखवता येणार नाही, म्हणाला. आणि आता तिला उठवत नाही.

त्यामुळे बाप्तिस्म्यानंतर एकदाही तिला प्रभुभोजन मिळालेले नाही.

"आक्कागारू बोलली होती, आणते म्हणून," नरसम्मा म्हणाली. तेलुगू घरची, मराठी तोडून तोडून बोलते. "नेमाचं मी बघून घेते, म्हातारी झाले, कोण मला धरून मारंल, असं बोलली. मग आली नाय."

म्हणजे आक्काने ठरवले होते. तिला जमले असते. माझ्या पाठीमागे, माझ्याच कपाटातून तुकडा उचलून तिने नेला असता, आणि मला सांगितलेही नसते.

निघताना नरसम्माने माझा पदर धरला. "आता तुमी देणार नव्हं?"

मी म्हटले, बघते.

१ मार्च, बुधवार

भास्कररावांच्या घरी. चहा झाला. नरसम्माचे सांगितले आणि विचारले, मी नेऊ का?

"पंचांपुढे ठेवू नका, बाई. हसतील."

आतून त्यांची बायको, "कोण कोण हसणार ते सांगा की. त्यांच्या चहात साखर घालायची नाही."

"तू गप्प बस गं." मग मला, "नियमात नाही तसं."

"मनाई आहे?"

"मनाई कशाला असेल? आजवर कुणी विचारलंच नाही." कपाच्या कानाशी चाळा करू लागले. मग हळू आवाजात, "खरं सांगू? त्या दिवशी तुम्ही आक्काला दिलं असतं, तर मला कळलंही नसतं. कळलं असतं तरी मी काही बोललो नसतो."

चांगल्या मनाने म्हणाले. मी घरापर्यंत कशी आले ते आठवत नाही.

भास्करराव, तुम्ही काही बोलला नसता. मग त्या शनिवारी मी कुणाला भीत होते? आक्काला कळले होते मी भिते आहे. मरता मरता तिने मलाच समजावले.

३ मार्च, शुक्रवार

थोरले पंच शाळेत भेटले. बातमी पोचलेली. "बाईंना दुःख झालंय. थोडे दिवस जाऊ द्या, शांत होतील." हे माझ्यासमोर, दुसऱ्या मास्तरांना. मी जणू फळ्याची घडवंची.

पंचांना लेखी अर्ज करायचे ठरवले आहे. दोन ओळींच्या आत उत्तर येईल. कुणाच्या अक्षरात येईल तेही माहीत आहे.

मनुका भिजत घातल्या.

४ मार्च, शनिवार

रस गाळला. पोळ्या दोन भाजल्या. एक मोठी, थाळीची. एक तळहाताएवढी, ती वेगळ्या फडक्यात बांधून आक्काच्या लुगड्यावर ठेवली आहे. तिचे काय करणार, मला माहीत नाही. अर्जात तिचा उल्लेख केलेला नाही.

अर्ज तीनदा लिहिला. पहिल्यात शास्त्रवचने घातली होती, ती काढली; ती पंचांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. दुसऱ्यात आक्काविषयी फार झाले. आता पाठवते तो असा:

"पाळकसाहेब आणि मंडळीचे पंच यांस सलाम. भवानी पेठेतील भगिनी नरसम्मा आजारी आहे. तिच्या घरी पुरुषांना जाता येत नाही. तिला प्रभुभोजन नेऊन देण्याची मला परवानगी असावी. आशीर्वाद पाळकांनी देवळात मागावा, पोळीही त्यांनीच मोडावी; मी फक्त नेऊन तिच्या हातावर ठेवीन. परवानगी देता येत नसेल, तर आपणांपैकी एकाने माझ्याबरोबर भवानी पेठेत यावे, उंबऱ्याबाहेर उभे राहावे, आणि तिला मिळणार नाही हे तिला स्वतः सांगावे. मी हे एकदा एकीला सांगितले आहे. मला पुन्हा सांगवणार नाही, एवढी विनंती मान्य व्हावी."