जमुनाबाईंचा ओटा नकाशात बाक झाल्याबाबत

प्रति,
मा. आराखडा अधिकारी,
गावठाण सुशोभीकरण कक्ष, नवी मुंबई.

विषय : शिरवणे येथील अर्जदाराच्या घरचा ओटा 'सार्वजनिक आसनव्यवस्था' म्हणून दाखविल्याबाबत.
संदर्भ : ओट्यासमोर रोवलेली आपली पाटी व मागाहून आलेली आपली नोटीस.

महोदय,

१. अर्जदार श्रीमती जमुना तुळशीराम भोईर तीस वर्षे स्वतःच्या घराच्या ओट्यावर मासळी विकतात. आपल्या कार्यालयाच्या नगररचनाकार कु. अर्पिता कदम गावाच्या पाहणीस आल्या, तो सोमवार होता. सोमवारी मासळी नसते, म्हणून शेजारणी ओट्यावर गप्पा मारीत बसल्या होत्या. कु. कदम यांनी तसेच नकाशात टिपले आणि दिवाळीनंतर समोर पाटी उभी राहिली : 'येथे बसा, विसावा घ्या.'

२. लोक बसू लागले. नेरूळच्या सोसायटीतले निवृत्त गृहस्थ श्री. दिलीप खानोलकर रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन नेमके पापलेटांच्या जागी बसतात. उठण्यास विनविले असता त्यांनी नम्रपणे पाटीकडे बोट दाखविले. पुढे कोणी पंखा मागितला, कोणी मासळीच्या वासाची तक्रार केली. त्या तक्रारीवरून 'सार्वजनिक आसनावरील अतिक्रमण हटवावे' अशी नोटीस अर्जदारासच आली. तेव्हापासून अर्जदार टोपली घेऊन मागच्या दारी बसतात. तिकडे गिऱ्हाईक फिरकत नाही, मांजरे मात्र वेळेवर येतात.

३. अर्जदार कार्यालयात आल्या असता लिपिक श्री. प्रीतम यांनी नकाशा उघडून सांगितले की, त्या जागी घरच दिसत नाही; सबब ओटा अर्जदाराचा असू शकत नाही. अर्जदार एवढेच म्हणाल्या, "कागूद तुमचा हाय, पन ओटा माजा हाय."

शेजारच्या टेबलावर हे ऐकून कु. कदम दुसऱ्याच दिवशी शिरवण्यात आल्या, तासभर टोपलीशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, माझं चुकलं. मी एकच दिवस आले, आणि कोणाला काही विचारलंच नाही." अर्जदाराचा राग तिथेच ओसरला. नकाशा दुरुस्त होऊन आपल्या सहीसाठी थांबला आहे.

४. सबब सही व्हावी, नोटीस रद्द व्हावी. पाटी काढण्याची मात्र घाई नको. श्री. खानोलकर यांच्याकडून कळले की, स्टेशनाजवळचे त्यांचे नेहमीचे बाक सुशोभीकरणात गेले, आणि पत्नी वारल्यापासून त्यांना घरात सकाळ काढवत नाही. त्यांच्यासाठी तळ्याकाठी एक खरे बाक मिळावे. तोवर ते ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात बसतील. पापलेटे उजवीकडे सरकविली जातील.

आपली नम्र व अद्याप मागच्या दारी बसलेली,
(सही) जमुना तुळशीराम भोईर
शिरवणे, दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत : १. घराचे वीजबिल. २. दुरुस्त नकाशाची प्रत. ३. श्री. खानोलकर यांचे संमतीपत्र, डाव्या कोपऱ्यापुरते.