सीटखालची पिवळी वायर

४ नोव्हें., मंगळ

गाडीत लावायच्या दिव्यांचं किट आलं. सहा पट्ट्या, पायाजवळ लावायचे चार बारके दिवे, एक कंट्रोल डबी, आणि वायरींचा शेवयांसारखा गुंता. मिनूने खोका उघडताच फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. म्हणजे आता माघार नाही.

सु.चं म्हणणं, दुकानात लावून घेऊ, दोन तासांचं काम. "तुमी काहून डोकं लावता जी? त्यायचं रोजचं काम आहे." म्हटलं, सव्वीस वर्षं बुटीबोरीत प्लांटच्या मोटरी न् पॅनल सांभाळतो, चारशे चाळीस व्होल्टशी रोजचं उठणं-बसणं, आणि बायकोच्या गाडीतल्या बारा व्होल्टसाठी दुकानात जाऊ? मायलेकी हसल्या. मीही हसलो.

गाडी सु.ची. चव्वेचाळिसाव्या वर्षी चालवायला शिकली, आणि आता ती शिकवते ती शाळा, मिनूची ट्यूशन, भाजी, सगळं तीच. संध्याकाळी परतताना आत भकास वाटतं म्हणते. निळा उजेड हवाय, मंद. डॅशबोर्डवरच्या बुद्धाच्या मूर्तीवर पडेल असा.

६ नोव्हें., गुरु

फर्स्ट शिफ्ट. नवीन कॉन्ट्रॅक्टवाल्यांचा सेफ्टीचा क्लास माझ्याच गळ्यात. तेच नेहमीचं. मशीनमध्ये हात घालण्याआधी मेन स्विच बंद, त्याला लाल टॅग बांधायचा: 'काम चालू आहे, चालू करू नये.' खाली आपलं नाव, कारण, वेळ, काम केव्हा संपेल. दोघे काम करत असतील तर टॅग दोन. ज्याने बांधला त्यानेच काढायचा, मॅनेजरने सांगितलं तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. शेवटचा टॅग निघेपर्यंत मशीन फिरत नाही. एकाने विचारलं, बांधणारा घरी निघून गेला तर? म्हटलं, घरून बोलवायचा.

घरी येऊन डॅशबोर्डची पट्टी बसवली. फटीत दाबत दाबत, इंच इंच. फ्यूज बॉक्समधून सप्लाय घेतला. सरळ बसली, पण कंबर गेली.

किटच्या कागदावर पहिलंच वाक्य, आधी बॅटरीची वायर काढा. नाही काढली. घड्याळ, रेडिओ सगळं परत सेट करत बसावं लागतं.

९ नोव्हें., रवि

झालं! पूर्ण!

भर दुपारी उजेड कसा दिसणार, म्हणून गाडीवर कव्हर टाकलं आणि आम्ही दोघं आत. सु. पुढे स्टिअरिंगवर, मी मागे पालथा, तिच्या सीटखाली हात घालून. घामाघूम. बाहेरून मिनू कव्हरवर टकटक करून, "आई, बाबा, निघा नं बाहेर, लोक पाहून राहिले!" सु.ला हसू आवरेना.

मागच्या दिव्यांना सप्लाय सापडत नव्हता. सीटखाली पिवळ्या नळीतली वायर दिसली. पिवळं दिसलं की आमचा हात जातोच, प्लांटमध्ये लाल-पिवळा-निळा म्हणजे तीन फेज. टेस्ट लॅम्पची सुई टोचून पाहिली. लॅम्प लागला नाही. सोडून दिली, पुढून वायर ओढून घेतली.

मग बटण दाबलं. सगळीकडे एकदम निळं. दारं, डॅशबोर्ड, पाय. मूर्तीच्या गालावर बरोब्बर पडला. सु. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत पाहत राहिली. मग म्हणाली, "अजी, हे आपलीच गाडी आहे का?"

इतक्या दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं. फक्त मीटरमध्ये एक लाल दिवा लागलाय. बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोळा. बघू.

१० नोव्हें., सोम

दिवा गेला नाही. एअरबॅगचा आहे. सु.ने संध्याकाळी विचारलंच, "तो लाल दिवा कायचा जी?"

म्हटलं, नवीन लाईट लावले ना, त्याचा. जाईल आपोआप.

"बरं. तुमी म्हणता तर."

मला माहीत नव्हतं तो आपोआप जातो की नाही. अजूनही माहीत नाही. तोंडातून कसं सरळ निघालं.

११ नोव्हें., मंगळ

गाडीचं पुस्तक बसमध्ये वाचलं. प्लांट येईपर्यंत एकच पान तीनदा. पिवळ्या नळीतल्या वायरी एअरबॅगच्या. ओढू नये, टोचू नये, टेस्टर लावू नये. बॅग अचानक फुटू शकते. पुढच्या सीटच्या पाठीतही बॅग असते, दाराच्या अंगाला.

सु. त्याच सीटवर बसली होती. पाठ टेकून. हसत होती.

जेवणाचा डबा तसाच परत आणला. सु.ला वाटलं भाजी बिघडली.

१२ नोव्हें., बुध

सुट्टी टाकली. सु.ला शाळेत सोडून, हवा भरून आणतो सांगून गाडी घेतली आणि थेट जरीपटक्यातल्या गॅरेजात. लच्छूकाका, गाड्यांची वायरिंग करणारे, कमी बोलणारे. मशीन जोडून स्क्रीन पाहत राहिले.

"पीली वायर में सुई मारी?"

म्हटलं, हो.

"बैटरी निकाल के?"

नाही म्हणून मान हलवली.

"सीट पे कोई बैठा था?"

"नहीं." हेही सरळ निघालं.

म्हणाले, नसीब. कधी काही होत नाही, कधी फुटते. वायर आतून दुखावली आहे, ड्रायव्हर सीटची बॅग आता उघडेल असं धरून चालू नको. "अभी मिटा देता हूँ, दो दिन में बत्ती लौट आएगी. कंपनी के वर्कशॉप में जा, पूरी वायरिंग बदलवा. तब तक मत चला." त्यांनी मशीनवरून फॉल्ट पुसला. दिवा गेला. मी विचारलं, कायमचा नाही का घालवता येत? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मिट सकती है. एक रेझिस्टर डालो तो गाड़ी समझेगी सब ठीक है. मैं नहीं डालता. मेरी बेटी भी गाड़ी चलाती है."

परतताना प्रत्येक सिग्नलला वाटायचं, आता बाजूने कोणी घुसतो.

१३ नोव्हें., गुरु

लिहू की नको.

रेझिस्टर टाकला. बॅटरी काढून, रीतसर, यावेळी सगळं रीतसर. वीस मिनिटं लागली. वर्कशॉपला नेलं असतं तर सु.ला सांगावं लागलं असतं. रविवारी वर्ध्याला साक्षगंध आहे, तिच्या भाचीचा साखरपुडा. गाडी तीच चालवत नेणार, हायवेवर पहिल्यांदा. महिनाभरापासून बहिणीला सांगून राहिली आहे. म्हटलं, साक्षगंध होऊन जाऊ दे, मग सोमवारी नेतो.

दिवा लागत नाही. सु. म्हणाली, "गेला वाटते. तुमी म्हटलं होतं ना, आपोआप जाईन."



१४ नोव्हें., शुक्र

तिला शाळेत पोचल्यावर फोन करायला सांगितलं. ट्यूशनला पोचल्यावर. घरी आल्यावर. शेवटी वैतागली, "काहून सारखे फोन लावता? मले येते ना चालवता!" तिला वाटतं माझा तिच्या चालवण्यावर भरवसा नाही. कसं सांगू, तिच्यावर आहे, माझ्यावर नाही.

प्लांटमध्ये आज पॅकिंग लाइन बंद. स्विचवर टॅग, आणि टॅगवाला कँटीनमध्ये. शिफ्ट इंचार्ज माझ्यामागे लागला, "काढून टाक ना गा, काम तर झालं दिसते." नाही काढला. त्या माणसाला चहावरून उठवून आणलं, त्याने मशीनमधला पाना काढला, मग टॅग काढला. पाना आतच राहिला होता. इंचार्ज सगळ्यांसमोर म्हणाला, असा माणूस पाहिजे सेफ्टीला. दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या.

कुठे तोंड लपवू असं झालं. आमच्या गाडीत पाना आहे. टॅग मी काढलाय. आणि आत बसणारी सु.

१५ नोव्हें., शनि, दुपार

बॅगेतून कोरा लाल टॅग काढला. नाव लिहिलं. कारण: एअरबॅग खराब, माझ्या हातून. वेळ: रविवार, ९ तारखेपासून. स्टिअरिंगला बांधला.

सु. वर इस्त्री करते आहे, उद्याच्या साडीला. पाचला सामान ठेवायला खाली येईल म्हणाली. मी गाडीतच बसलोय, शेजारच्या सीटवर. वही मांडीवर. साडेचार झाले. अजून काढून टाकता येतो. माझाच आहे, मी काढू शकतो.

जिन्यात तिच्या चपला.

१६ नोव्हें., रवि

सु. आणि मिनू सकाळच्या बसने वर्ध्याला गेल्या. मी घरी.

काल टॅग वाचून तिने आधी विचारलं, हे काय नाटक. मग मी सगळं सांगितलं. पिवळी वायर, लच्छूकाका, रेझिस्टर, दिवा. ती स्टिअरिंगला हात लावून ऐकत होती. एकच विचारलं.

"तुमी सुई लावली तवा मी बसली होती ना जी त्या सीटवर?"

म्हटलं, हो.

"न् हे मंगळवारी समजलं तुमाले. मंगळवारपासून मी चालवून राहिली. पोरीले घेऊन."

रडली असती, ओरडली असती तर बरं होतं. वर गेली, साडीची घडी घातली, बसचं टाइमटेबल पाहिलं. मी म्हटलं, मी पण येतो. म्हणाली, "नका येऊ."

दिवसभर घरात भांड्याचा आवाज नाही. साक्षगंधाचे फोटो मिनूने पाठवले. सु. हसते आहे सगळ्यांत. कोणी विचारलं असेल, जावई कुठे, गाडी कुठे. काय सांगितलं असेल.

१७ नोव्हें., सोम

वर्कशॉपचा माणूस येऊन पाहून गेला. रेझिस्टर पाहून मान हलवली. पार्ट मागवला, चार-पाच दिवस. गाडी जागेवरच राहू द्या म्हणाला.

संध्याकाळी खाली गेलो तर स्टिअरिंगवर दोन टॅग.

दुसरा माझ्याच बॅगेतला. शाळेच्या फळ्यावरचं तिचं अक्षर, प्रत्येक रकाना भरलेला. नाव: सुनंदा. कारण: तुम्हाला माहीत आहे. 'काम केव्हा संपेल' समोर फक्त रेघ.

हा नियम तिला मीच सांगितला होता. जेवताना, फुशारकीने, किती वेळा.

२० नोव्हें., गुरु

बोलते. मीठ वाढू का, गॅसवाला आला होता, मिनूची फी. बाकी नाही. शाळेत ऑटोने जाते. मी म्हटलं, माझ्या स्कूटरवर सोडतो. "नको. ऑटो बरा."

बरोबर आहे तिचं. चार दिवस मी तिला काय दिलं? दिवा विझवलेली गाडी.

२२ नोव्हें., शनि

पार्ट आला, बसवला. दुपारी दोन तास मी त्यांच्या माणसाशेजारी उभा होतो, एका शब्दानेही मध्ये बोललो नाही. बॅटरी काढून, दहा मिनिटं थांबून, मग हात. मशीन लावून दाखवलं, सगळं ठीक. चावी फिरवली, लाल दिवा लागला, सहा सेकंदांनी आपोआप गेला. खराच गेला.

माझा टॅग काढला.

सु.ला वर जाऊन सांगितलं, गाडी झाली. कागद दाखवला. तिने तो वाचला, पूर्ण, सही शिक्क्यासकट. "बरं," म्हणाली. यावेळी पुढचं 'तुमी म्हणता तर' नाही.

मिनू म्हणते, "बाबा, आईचा टॅग तुमीच काढून टाका ना. एक दोरा तर आहे." म्हटलं, ज्याने बांधला त्यानेच काढायचा.

संध्याकाळी खाली जाऊन बसलो, शेजारच्याच सीटवर. बटण दाबलं. निळा उजेड आला, मूर्तीवर, दारांवर. टॅगवरचं तिचं नाव नीट वाचता येत होतं. बंद केलं. वर येऊन चावी तिच्या पर्समध्ये ठेवून दिली.