विल्फचा खोटा शिलिंग

३ मार्च
संकल्प: यंदा क्लबच्या स्पर्धेची बक्षिसाची ढाल आपलीच. प्रेस्टनच्या आमच्या नाणे-क्लबात बाकीचे खरी नाणी जमवतात. त्यात कसली अक्कल? मी जमवते ती त्या-त्या राजाच्या काळात भामट्यांनी पाडलेली खोटी. एकूण एक्केचाळीस. त्यांची राणी म्हणजे विल्यम राजाचा शिलिंग: वर चांदीचा मुलामा, आत तांबं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला विल्फनं दिला होता, "अगदी खरा आहे, डॉट," म्हणत. बिचारा. याच माणसानं गळकी होडी आणि बहिरा कुत्रा विकत घेतला होता.

१० मार्च
मिस्टर रिग्बींनी शिलिंग तोलला. वजन बरोबर भरलं. म्हणाले, "डोरोथीबाई, मला तर हा खरा वाटतो." जळतात. गेल्या वर्षीची ढाल त्यांची. भामटा कामाला चोख असणार, एवढंच.

११ मार्च
विल्फला सांगितलं. तो बटाट्याचं सारण भरलेल्या पेस्ट्रीबरोबर लाल कोबीचं लोणचं खात होता. म्हणाला, "अगं, मग मी अठरा वर्षं काय सांगतोय? तुझी बहीण, फादर, गॅसवाला, सगळ्यांना सांगून झालं तुझं, विल्फ फसला म्हणून."
मी प्रेमानंच सांगते.

१९ मार्च
शिलिंग टेबलावर वाजवून पाहिला. खणखणीत. माझा डावा कान हल्ली ठीक नाही.

२ एप्रिल, सकाळी
परीक्षकांना तांबं दिसलं पाहिजे. त्या काळचे दुकानदार संशय आला की नाणं कापूनच बघत. कडेला बारीकशी चीर, आत लाल रेघ, आणि रिग्बींचं तोंड बंद. कॉन्व्हेंटात सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, डोरोथीला खोटं लगेच ओळखू येतं. किती मायेनं म्हणायच्या! तरी घाई नको. आठवडाभर विचार करायचा.

२ एप्रिल, दुपारी चार
कापला. विल्फची छिनी वापरली.
चांदी.
जरा खोल गेले. चांदी. आणखी जरा. आता जेमतेम एका टोकाला जोडलेला आहे. आरपार चांदी.
एखादा भामटा इतका प्रामाणिक असू शकतो का?

३ एप्रिल
शिलिंग शिवणाच्या डब्यात, बटणांखाली. ढालीचं पुढच्या वर्षी बघू. तशी ती ढाल काही फार सुबक नाही.

४ एप्रिल
विल्फ भाजीच्या वाफ्यावरून रूबार्बच्या आंबट लाल देठांची जुडी घेऊन आला. छिनी जागेवर नव्हती, त्यावरून ओळखलं त्यानं. दारातच थांबला. "कापलास? काय निघालं?"
मी म्हटलं, "तांबं."
रूबार्बची जुडी पायरीवर ठेवली. मग टोपी काढली. म्हणाला, "म्हणजे फसलोच होतो की मी. आणि अठरा वर्षं उगाच तुझ्याशी हुज्जत घातली. माफ कर हं, डॉट."
केलं माफ. लगेच.