सासूबाईंच्या कानाजोगं गाणं

३ फेब्रुवारी

सासूबाई कायमच्या राहायला आल्या. दोन बॅगा आणि स्वतःची उशी. सासरे गेल्यापासून एकट्याच होत्या, शेवटी बायकोने हट्टच धरला. बरंच झालं. पण हिची सध्या हॉस्पिटलात दुपारची ड्यूटी, येते रात्री. म्हणजे मी दुकानातून आलो की घरात आम्ही दोघंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी आमचं बोलणं 'प्रवास कसा झाला'च्या पुढे गेलेलं नाही. रोज काय बोलणार?

५ फेब्रुवारी

ओट्यापाशी चहा टाकता टाकता विचारलं, साखर किती. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाहीच. वळून बघतो तर शांतपणे बसलेल्या. म्हटलं, जावई अजून पसंत पडलेला दिसत नाही.

बायको म्हणाली, तसं काही नाही, तिला थोडं कमी ऐकू येतं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तिने ते कपाटात टाकलंय. तू जरा मोठ्याने बोलत जा.

९ फेब्रुवारी

दिवसभर चष्म्याच्या काचा घासायच्या आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर जुनी गाणी नव्या तालात बसवायची — माझा जुना नाद. बायको त्याला 'तोडफोड' म्हणते. आज सासूबाई खुर्ची ओढून समोर येऊन बसल्या. हे काय करता, विचारलं. सांगितलं. म्हणाल्या, "मग ते फलाटावरचं करा ना."

ते गाणं कोणाला माहीत नाही? गाडी सुटलेली, ती एकटीच फलाटावर. सासरे दाढी करताना हेच शिट्टीवर वाजवायचे म्हणे.

१० फेब्रुवारी

दुकानात दुपारी वाचलं — वयाबरोबर आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणजे या गाण्यातली बासरी आणि गाणारीचा वरचा सूर. नेमकं जे ऐकायचं तेच! मग मी ते खाली आणलं तर? बासरीच्या जागी जाड आवाजाचं वाद्य, ठेका मोकळा. त्यांच्या कानाला बेतून. झपाटल्यासारखा बसलो.

१६ फेब्रुवारी

पहिला प्रयत्न. गाणारीचा आवाज इतका खाली गेला की बायको म्हणाली, "हिला सर्दी झालीय की मिशा फुटल्यात?" हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे बघून सासूबाईही हसायला लागल्या. मग निकाल दिला, "छान झालंय. पण अजून थोडं राहिलंय."

२१ फेब्रुवारी

आज म्हणाल्या, मधे जरा रेंगाळतं. मधला तुकडा छाटला. आता बरं, म्हणाल्या. पण अजून थोडं.

गाणं वाजून संपलं की त्यांच्या गोष्टी सुरू होतात. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या हे माहीत होतं. पण नुसत्या 'हॅलो'वरून माणूस भांडायला आलाय की लाडीगोडी लावायला, ते ओळखायच्या, हे नव्हतं माहीत. एक जण सारखा चुकीचा नंबर मागायचा. यांनी एकदा झापलं, तर त्याने फोनवर फलाटावरच्या गाण्याची ओळच म्हटली — आणि मागे सुपरवायझर बाई उभ्या! तोच माणूस पुढे माझा सासरा झाला. सांगताना लाजल्या. या वयात!

बायकोला सांगितलं. तिलाही ठाऊक नव्हतं.

२ मार्च

अजून थोडं राहिलंय.

८ मार्च

मालक म्हणाले, हल्ली सुट्टीच्या वेळेपुढे घड्याळाचा काटा सरकायच्या आत पळता. म्हटलं, घरी कोणी वाट बघतं.

खरं म्हणजे गाणं आता मला तरी झाल्यासारखं वाटतं. पण त्या रोज काहीतरी काढतात, आणि मीही रोज नव्याने बसतो. आज काम राहिलं बाजूला, मीच बोलत सुटलो. आईबद्दल. मी शाळेत असताना ती गेली. चेहरा आठवतो, आवाज आठवत नाही — हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, बराच वेळ. मग म्हणाल्या, वरण मी लावते, तुम्ही बसा.

किती दिवसांनी घर असं भरल्यासारखं वाटतंय.

१४ मार्च

बायको त्यांना नवीन यंत्रासाठी कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. उजवा कान पूर्ण गेलाय. डाव्यात नावापुरतं उरलंय. बोललेलं त्या ओठांवरून ओळखतात. गाणं? डॉक्टर म्हणाले, दोनेक वर्षं तरी यांना गाणं कळलेलं नसणार.

संध्याकाळी कॉम्प्युटरवरून मान वळवून विचारलं, मग रोज 'अजून थोडं' कशासाठी? त्यांनी नजर चुकवली नाही.

"ऐकू येत नाही म्हटलं असतं, तर तुम्ही त्या कॉम्प्युटरकडे तोंड करून बसला असता."

मी कॉम्प्युटर बंद केला आणि खुर्ची त्यांच्याकडे वळवली. मग त्यांनीच विचारलं, आज दुकानात कोण कोण आलं होतं.