तोंड न दाखवता कंबरेचा इलाज

माझी थोरली पेरेपेतुआ आक्का हिला,

धाकट्या तेओपिस्ताने रीतीप्रमाणे नमस्काराला गुडघे टेकले आहेत असं समजून घे. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, तुझ्या डोळ्यांतलं पाणी थांबलं का, कोंबड्यांवरची साथ टळली का, सगळं विचारते आहे, आणि तू "बरं आहे, बरं आहे" म्हणते आहेस. (म्हणालीस ना? मग पुढे वाच.) मी फार आनंदात आहे. मिशनच्या शाळेत दुसरी सोडल्यापासून एवढं लांब कधी लिहिलं नव्हतं.

माझ्या कंबरेचं तुला ठाऊकच. ती माझ्या आधी जागी होते आणि माझ्यानंतर झोपते. मुबिरूने कंपालाहून सांगून ठेवलं होतं, "आई, पेरणीला कुदळ धरता आली तर रहा तिथं. नाहीतर मी गाडी घेऊन येतो, बाग कुणाला तरी कसायला देऊ." पोरगा वाईट नाही गं. पण त्याच्या तिसऱ्या मजल्यावर मी काय करू, दुसऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी बघू? आणि इथं केळीच्या बागेत माझी लेक नाबोसा पुरलेली आहे. तिच्यावरचं गवत कोण काढणार, कसणारा?

म्हणून मसाकाच्या दवाखान्यात गेले. तिथं कंबरेला औषध नाही, व्यायाम देतात. (मला वाटलं सुई देतील. सुई बरी, एकदाच ओरडायचं.) पण मोटरसायकलवर मागे बसून ते खड्डे म्हणजे जाताना माणूस, परतताना कोयता. तिथली बाई म्हणाली, "आजी, घरीच थांबा, फोनवर शिकवू. तुम्ही आम्हाला दिसाल, आम्ही तुम्हाला." ठरल्या वेळी फोन उघडला, तर आत कोण? लुक्वागो! आपला जावई, नाबोसाचा नवरा! मला वाटत होतं तो अजून तिकडे लांब म्बाराराच्या दवाखान्यात आहे. आणि व्यायाम शिकवणारा तिथं तो एकटाच.

आता सासूने जावयाच्या नजरेला पडायचं नाही, त्याने तिला शिवायचं नाही, हे तुला मी काय सांगू. नाबोसाच्या मातीलासुद्धा तो केळीच्या पलीकडे रडला, मी अलीकडे. मी फोनवर टोपली पालथी घातली. टोपलीतून आवाज आला, "आई, फोनचं तोंड झाडाकडे करा. मी बघणार नाही, नुसतं सांगेन." मग तसंच चालू झालं. तो म्हणायचा, उजवा हात पुढे, डावा पाय मागे. मी म्हणायचे, केला जावईबापू.

"अर्धाच केलात."

"कशावरून? दिसतं का तुम्हाला?"

"पुरता करणाऱ्याला इतकं पटकन बोलता येत नाही, आई."

मंगळवारी वाटेच्या कडेला बागेत हातांवर आणि गुडघ्यांवर होते, हात पुढे केला, आणि कंबरेला कुलूपच लागलं. पुढे नाही, मागे नाही. "झालं का?" "झालं." (खरं बोलले असते तर त्याने मुबिरूला कळवलं असतं, आणि मुबिरू गाडी घेऊन दारात.) तेवढ्यात विहिरीवरून शेजारच्या मुत्याबाची नवी सून आली. एवढी म्हातारी आपल्यापुढे गुडघ्यांवर, वर हातही टेकलेले! घाबरून तिने पाण्याचा कॅन ठेवला आणि जवळजवळ लोटांगणच घातलं. दिवस कसा? बरा. घरचे? बरे. केळी? बरी. ती गेली, मग आणखी दोघी आल्या, त्याही वाकल्या. मग चर्चमध्ये बायबल वाचून दाखवणारे वाचक आले, टोपी काढून म्हणाले, "अशी रीत आता राहिली कुठं!" आणि माझं कौतुक करत निघून गेले. विचारपूस मध्येच तोडून "मला उचला हो" म्हणायला जीभ रेटेना. ऊन चढलं. मुंग्या आल्या. खालचं कापड ओलं झालं. (बहीण म्हणून लिहिते.) समोर नाबोसाचं थडगं. म्हटलं, इथंच पडले तर निदान खणायला कुणाला लांब जायला नको.

आणि मोटरसायकल वाजली. लुक्वागो. केळीच्या पानांआड पाठ करून उभा. "आई, फोनवर लोक उठून गेलेले ऐकू आले, तुम्ही उठलेल्या ऐकू आल्या नाहीत. येऊ का?" मी म्हटलं, डोळे मिटून या. मिटून आला, केळीवर आपटला, चाचपडत माझ्यापाशी पोचला. "मानेला धरा." धरलं. त्याचं तोंड मी पाहिलं नाही, आक्का, फक्त कानामागचे केस. सगळे पांढरे. उचलताना म्हणाला, "नाबोसा शेवटी याहून हलकी झाली होती." मग मी उजवं-डावं सांगत गेले, घर येईपर्यंत.

त्यानंतर तो रोज येतो आणि डोळे मिटून माझी कंबर चाचपतो. फोनवर मी भलतीकडेच वाकत होते म्हणे. काल मी उठले, कुदळ घेतली आणि एक अख्खी सरी काढली! आनंद तो हाच.

तुझ्या पायांशी,
तेओपिस्ता

ता.क. कुणी विचारलं तर मंगळवारी मला तू उचललंस. तू काठीशिवाय उभी राहत नाहीस हे कुणाला आठवणार नाही.

आणखी एक. मुबिरू रविवारी येतोय. ती सरी लुक्वागोने काढली, मी बोट दाखवत होते. माझी कंबर कुदळीला लागायला अजून महिने जातील, असं तो म्हणतो. तू शनिवारी सुनांना घेऊन ये, त्यांच्या कुदळी आणायला सांग, आणि अंधार पडायच्या आत सगळी बाग खणून घ्या. सकाळी मी पायांना माती लावून मधोमध कुदळ धरून उभी राहीन. उभं राहणं मला आता येतं.