धुळ्यात व्हर्दी

२९ जानेवारी १९६८
संताप! या धुळ्यात एकालाही व्हर्दी ठाऊक नाही. इटलीचा एवढा थोर ऑपेरावाला, म्हातारपणीसुद्धा नव्या चाली बांधणारा, आणि लोक मला विचारतात, कुठल्या सिनेमाला म्युझिक दिलंय? ठरले. या रविवारी संगीत मंडळात व्याख्यान. सोबत माझी रेकॉर्ड. पुढच्या रविवारी अध्यक्षाची निवडणूक आहे. समोर कोण, तर कापडवाला लखीचंद! सूर कशाशी खातात हे त्याला माहीत नाही. अध्यक्ष मीच.

३१ जानेवारी
इटालियन शिकणार होतो. डिक्शनरी मिळाली नाही. माझा दोष नाही. उच्चार मुळातच चांगले आहेत.

२ फेब्रुवारी
मंडळाचा शिपाई तोताराम महामूर्ख आहे. फळ्यावर लिहिले, 'रविवारी सहाला वर्दी. सर्वांना मोफत.' झापला. तर म्हणे, तुमचं स्पेलिंग चुकलं होतं, मी सुधारलं! पण मला पुसू दिले नाही. म्हणे, अक्षर फार छान आलंय. सुजाण लोकांना कळेलच.

४ फेब्रुवारी, पावणेसहा
हॉल तुडुंब! चिंधाचा अख्खा बँड, होमगार्ड, कचेऱ्यांतले शिपाई. कष्टकऱ्यांनाच ऑपेरा कळतो, हे मी नेहमी म्हणत आलो आहे.

त्याच दिवशी, आठ वाजता
नालायक गाव! रेकॉर्ड संपली तसा बँडमास्तर चिंधा उठला. म्हणे, नाना, वर्दी कोठे शे? मी रेकॉर्डकडे बोट दाखवले. तर म्हणे, ती नही, अंगमा घालानी! मग सगळेच ओरडायला लागले. तेवढ्यात लखीचंद उठला आणि बँडच्या वर्द्या माझ्याकडून, असे जाहीर केले. टाळ्या! माझ्या व्याख्यानात! चिंधाने नंतर रेकॉर्ड आणखी दोनदा लावायला लावली. असली खुशामत मला कळते.

११ फेब्रुवारी
लखीचंद निवडून आला. मला एक मत. ते मीच दिले होते.

आत्ता त्याची मिरवणूक दारावरून गेली. पुढे चिंधाचा बँड, नव्या वर्दीत. आणि वाजवत काय होता, तर माझ्या व्हर्दीची चाल! एक सूर चुकला नाही. चोर! लोक नाचत होते. राग आला आणि डोळ्यांत पाणीही आले. सौभाग्यवती दारात उभी होती. म्हणाली, अहो, काय सुंदर आहे! लग्नाला बावीस वर्षे झाली, आज प्रथमच माझ्या आवडीची गोष्ट हिला आवडली. मी म्हटले, व्हर्दी आहे.
ही म्हणाली, हो ना, लाल रंग फारच खुलतोय त्यांना.